हमीदचाचांचे इतवार

रविवारी सकाळी माझं दुकान उघडायचं म्हणजे आधी ओट्यावरची माणसं उठवावी लागत. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून हमीदचाचांचं मोटर रिवायंडिंगचं. त्यांच्याकडे येणारी माणसं माझ्या ओट्यावर बसत, कारण त्यांच्या दारात जळक्या मोटरी पडलेल्या असत. कुणी कमरेला हात लावून बसलेलं, कुणी दोन पायांवर उकिडवं, कुणी बायकोच्या खांद्यावर मान टाकलेलं. मुलाला पेन घ्यायला आलेला एखादा भला माणूस पायरी चढू लागला की रांगेतून आवाज येई, ‘ओ भाऊ, रांगेत बसा.’ उमरखेडात धंदा करणाऱ्या माणसानं रविवारी काय काय सोसलं याची नोंद कुणी ठेवली नाही. मी मात्र विसरलेलो नाही.

चाचा पथरीचं, पोटातल्या खड्याचं, औषध देत. त्यांच्या वडलांपासून चालत आलेलं. दुकानामागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यांतून एक जाड पानांचं झाड लावलेलं होतं. ती पानं वाटून, त्यात घरचं काहीतरी घालून, नागवेलीच्या पानात गुंडाळून ते स्वतःच्या हातानं समोरच्याच्या तोंडात घालत. अनशापोटी यायचं, सूर्याकडे तोंड करून खायचं, टमाटर आणि वांगं बंद. पैसा घ्यायचा नाही हा वडलांचा दंडक. पैसा काय, पेशंटच्या हातचा चहासुद्धा ते पीत नसत. कुणी फारच मागे लागलं तर म्हणत, कबुतरांसाठी मूठभर जवारी आण. त्यामुळे आमच्या दोन दुकानांवर जितकी कबुतरं बसत तितकी साऱ्या गावात नसतील, आणि त्यांचं सगळं माझ्या पाटीवर पडे.

ज्याचा खडा पडला त्यानं तो आणून दाखवायचा, अशीही रीत होती. माणसं कागदाच्या पुडीत, आगपेटीत घेऊन येत, एक जण तर कुंकवाच्या करंड्यात घेऊन आला होता. चाचा तो तळहातावर घेऊन उन्हात धरत, बोटानं फिरवत. तो चेहरा मला आवडायचा. मोटर चालू झाल्यावरही त्यांचा चेहरा असाच होई.

पुढे पुढे कुणी नुसतं पोट धरून येईनासं झालं. प्रत्येकाकडे सोनोग्राफीचा रिपोर्ट असे, पातळ पिशवीत घातलेला. चाचांना इंग्रजी येत नव्हतं आणि येत नसल्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. ते रिपोर्ट हातात घेत नसत. फक्त विचारत, ‘किती एमेमचा हाय?’ उभा जन्म तांब्याच्या तारेची जाडी मोजण्यात गेलेला माणूस. माप कळलं की त्यांना वस्तू कळली असं वाटे. चार म्हटलं की ‘मामुली’, आठ म्हटलं की ‘वक्त लागते’, आणि बारा म्हटलं की डोक्यावरची टोपी सारखी करून ‘देखते हैं’. खडा किती मोठा हे त्यांनी हजारो लोकांना विचारलं असेल. खडा कुठं आहे हे कधी विचारलं नाही. खडा तो खडा, असं ते धरून चालले होते, आणि त्यांच्या समोर बसणारे सगळेही.

माणूस मात्र खोटा नव्हता, हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. एकदा फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या राठोडांची मोटर त्यांनी नवी तार भरून दिली आणि ती आठवड्यात जळली. पुन्हा भरली, पुन्हा जळली. राठोड बिचारे लाइटला शिव्या देत होते. व्होल्टेज कमी-जास्त होतं, चाचा तरी काय करणार, असं तेच म्हणत होते. दुसरा कुणी मिस्त्री असता तर हो ला हो करून मोकळा झाला असता. चाचांनी मला दुकान बंद करायला लावलं, माझ्या गाडीवर मागे बसले, आणि थेट शेतात जाऊन मोटर उघडली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकायची त्यांची सवय होती, पण या वेळी ती बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. त्यांनी एकेक तार पाहिली. मग कापूस वेचणाऱ्या बाया, राठोड, राठोडांचा जावई, सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, ‘लाइटले दोष देऊ नका. जोड मीच उलटा मारला व्हता.’ राठोडच संकोचून गेले. परत येताना चाचा मागच्या सीटवरून मला म्हणाले, ‘मोटर झूट नाही बोलत, किताबवाले. आदमी बोलते.’ मला ते किताबवालेच म्हणत. वीस वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही.

त्यांचा आहार दांडगा होता. मटणाच्या रश्शात भाकरी कुस्करून खाणारा माणूस. म्हणून तो एक हिवाळा मला आठवतो. दुपारचा डबा ते उघडेनासे झाले. विचारलं तर भूक नाही म्हणत. मग एका रविवारी, समोर रांग बसलेली असताना, ते पान लावता लावता उठले आणि मागच्या अंगणात गेले. मी तिकडेच पाण्याची टाकी बघायला गेलो होतो. ते नालीवर वाकून ओकत होते. सकाळी खाल्लेलं, रात्री खाल्लेलं, जसंच्या तसं बाहेर. मला पाहून त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, तंबाखू लागला. नंतर नळावर चूळ भरली, हात धुतले आणि पुन्हा जाऊन लोकांना पानं भरवू लागले.

पुढचे कितीतरी रविवार हे चाललं. मला आता कळतं की ते स्वतःही आपलंच औषध घेत होते, आणि तेही उलटून पडत होतं. गालफडं बसली, सदरा खांद्यावरून लोंबू लागला. शेवटी चाची माझ्या दुकानात आल्या. त्या कधी दुकानात येत नसत. डोक्यावरचा पदर दाताखाली धरून म्हणाल्या, ‘भैया, इनके पेट में पानी तक नहीं ठहरता. दवाखाने का नाम लिया तो कहते हैं, लोग क्या बोलेंगे.’

लोक काय म्हणतील, हे खरं दुखणं होतं. पथरीवाल्या चाचांना पोटदुखीसाठी डॉक्टर लागला, ही बातमी उमरखेडात सकाळी निघाली असती तर दुपारपर्यंत पुसदला पोचली असती. मी त्यांच्याशी भांडलो. मला भांडता येतं, माझा तो एकच गुण आहे. पुष्कळ भांडल्यावर ते तयार झाले, पण दोन अटींवर. नांदेडला जायचं नाही, कारण नांदेडच्या कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी अर्धं उमरखेड तिथं भेटतं. नागपूरला जायचं. आणि बरोबर मोहल्ल्यातलं कुणी नको, पुण्याहून पोरालाही बोलवायचं नाही. ‘तू चल. तुझ्यावर कोनी शक नाही करत,’ म्हणाले. गावात सांगितलं की ते मुलीकडे चाललेत आणि मी माल आणायला.

नागपूरच्या दवाखान्यात बाकड्यावर चाचा, चाची आणि मी, आम्ही तिघं बसलो होतो, नंबर यायचा होता. तेवढ्यात एक माणूस समोर येऊन उभा राहिला. राळेगावकडचा. दोन वर्षांपूर्वी उमरखेडला येऊन पान खाऊन गेलेला. ‘चाचा, तुम्ही इथं? कोनाले पाहाले आले?’ म्हणून त्यानं पाया पडायला हात पुढे केला. चाचांनी एका क्षणात उत्तर दिलं, भाच्याला पाहायला. कुणा पेशंटला त्यांनी सांगितलेलं, मी ऐकलेलं पहिलं खोटं ते. माणूस खूश झाला, त्याच्या आईलाही इथंच ठेवलं होतं, तिला एक पान मिळेल का असं विचारू लागला. चाची जमिनीकडे पाहत बसल्या. मी त्याला चहा पाजतो म्हणून बाहेर घेऊन गेलो.

पण दवाखान्यात किती लपणार. दुसऱ्या दिवशी तो आईची फाइल घेऊन वॉर्डातून चालला होता आणि खाटेवर चाचा होते, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, नाकातून पोटात नळी, नळीतून हिरवट पाणी पिशवीत ठिबकतंय. तो थबकला. चाचांनी तोंड भिंतीकडे केलं आणि संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं. मला त्या दिवशी त्यांच्याजवळ बसवेना. माणसाला आजारी पाहणं जमतं, असं लाजलेलं पाहणं जमत नाही.

डॉक्टरीण तरुण होती, भराभर बोलणारी. तिनं कागदावर चित्र काढून आम्हाला समजावलं. ही पित्ताची पिशवी. हिच्यात खडा वाढत गेला, इतका की पिशवी बाजूच्या आतड्याला चिकटली आणि खड्यानं मधली भिंत झिजवून आतड्यात उडी मारली. आता तो जठराच्या खालच्या तोंडाशीच अडकून बसलाय. बाटलीच्या तोंडात बूच बसल्यासारखं. वरून खाल्लेलं खाली जाणार कसं, म्हणून सगळं उलटून येतं. असं फार कमी लोकांना होतं, म्हणाली. पोट फाडून काढता येतो, पण या वयात आणि चाचांच्या हृदयाची अवस्था पाहता तिला ते नको होतं. ती तोंडातून दुर्बीण घालणार होती, लेझरनं खडा आतल्या आत फोडणार होती आणि तुकडे जाळीत धरून तोंडावाटेच बाहेर काढणार होती.

चाचा सगळं लक्ष देऊन ऐकत होते. चित्राकडे पाहत त्यांनी हळूच विचारलं, ‘मॅडम, याले कोनतं पान-वान नाही चालत का? खडा तं पानानं बी पडते.’

ती थकलेली होती, तिनं सरळ सांगून टाकलं. किडनीतला लहान खडा लघवीवाटे पडतो, बऱ्याचदा आपोआपच पडतो, तुम्ही पान खा नाहीतर पाणी प्या. पित्ताच्या पिशवीचा रस्ताच वेगळा, तिथं पान पोचत नाही. मग जरा चिडून म्हणाली, ‘तुमच्या भागात कोणीतरी आहे म्हणे पानं देणारा. लोक वर्ष वर्ष तेच खात बसतात, ऑपरेशन टाळतात, आणि पिवळे होऊन माझ्याकडे येतात. मला तो माणूस एकदा भेटायला हवाय.’

मी चाचांकडे पाहिलं नाही. चाची पदराच्या टोकाशी खेळू लागल्या. डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक, त्यांनी कागद घडी करून चाचांच्या उशाशी ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. 

पहिल्या खेपेला खडा अर्धाच फुटला, इतका टणक. एक दिवस मध्ये सोडून पुन्हा आत नेलं. या वेळी तुकडे निघाले, पण एक मोठासा निसटून खाली आतड्यात गेला. तो पुढे कुठं अडकला तर पोट उघडावंच लागेल, असं तिनं आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. चाची नमाजाला जानमाज पसरून बसल्या त्या उठेचनात. मी हनुमान चालिसा म्हटली, जी मी शाळेनंतर म्हटली नव्हती. दोन दिवसांनी फोटो काढला तेव्हा तो तुकडा आपल्या वाटेनं निघून गेलेला होता. चाचा पहिल्यांदा भाताची पेज प्यायले आणि ती पोटात राहिली. पोटावर एक टाकाही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं डबीतून खड्याचे तुकडे दाखवले, तेव्हा मात्र त्यांनी डबी हातात घेतली नाही.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी सामान बांधून झालं होतं, मी बिलाचे कागद घेऊन आलो, तर चाचा तिच्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन उभे. ‘वो पत्तेवाला मैंच हूँ,’ ते म्हणाले. ती एकदम उठून उभी राहिली, ओशाळलीच बिचारी. मग म्हणाली, काका, आता बंद करा म्हणजे झालं. तिच्या दृष्टीनं गोष्ट तिथं संपली.

बंद करा म्हणणं सोपं आहे. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी रांग बसलेली होती, नेहमीपेक्षा लांब, कारण मधले रविवार बुडालेले. चाचा माझ्या ओट्यावर चढून उभे राहिले. राठोडांच्या शेतात उभे राहिले होते तसेच, ताठ. म्हणाले, माझ्याच पोटात खडा अडकला होता, मी माझंच पान खाल्लं, काही उपयोग झाला नाही. नागपूरला तोंडातून नळी घालून फोडून काढला. पित्तातल्या खड्याला माझं पान चालत नाही, हे मला माहीत नव्हतं, तरी मी देत राहिलो. आजपासून बंद. ज्यानं त्यानं डॉक्टरकडे जावं, आणि मला माफी द्यावी.

मला वाटलं आता लोक चिडतील. कुणी चिडलं नाही. एक म्हातारा म्हणाला, चाचा थकले, पोरानं मना केलं असंल. एक बाई म्हणाली, ही परीक्षा असते, मोठी माणसं अशीच परीक्षा घेतात. कुणीतरी म्हणालं, आम्ही पहिल्या गाडीनं आलो, आजच्या दिवस द्या, उद्यापासून बंद करा. चाचा आत जाऊन बसले तर दोघं-तिघं अंगणात शिरले, पानं तोडून घेऊन आले आणि त्यांच्यासमोर धरली. म्हणाले, देऊ नका, फक्त हात लावा. मी ओरडून लोकांना हाकललं. वीस वर्षं मला ज्यांना हाकलायचं होतं त्यांना हाकलून मला काडीचा आनंद झाला नाही.

त्याच दुपारी चाचांनी डब्यांतली सगळी झाडं मुळासकट उपटली. पुढच्या रविवारी लोक आपल्या घरची पानं घेऊन आले.

दुकानात काम करता करता ते अचानक थांबत आणि मला विचारत, ‘किताबवाले, पित्ताच्या पिशवीवाले किती असतीन त्या रांगेत?’ त्यांनीच कधी विचारलं नव्हतं, तर आकडा कुठून यायचा. नागपूरला तो राळेगावचा माणूस आईसाठी पान मागत होता, तिला काय झालं होतं, हेही आम्ही विचारलेलं नव्हतं. पण एका बाईबद्दल त्यांना खात्री होती. शोभाबाई. फुलसावंगीच्या रस्त्यावरच्या एका गावात शाळेत खिचडी शिजवायच्या. सगळ्यांत जास्त दिवस येणाऱ्या त्याच. येताना कबुतरांना जवारी आणि मला तुरीच्या शेंगा आणायच्या, म्हणून रविवारच्या गर्दीत तेवढ्या एका माणसावर माझा राग नव्हता. त्यांचं दुखणं उजव्या बरगडीखाली उठून खांद्यात जायचं. नागपूरला डॉक्टरणीनं चाचांच्या अंगावर बोट ठेवून दाखवलेली जागा तीच. आणि चाचा परत आल्यापासून शोभाबाई एकदाही आल्या नव्हत्या.

आम्ही गाडीवर त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात बाजेवर पडल्या होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे, अंग तापलेलं. तरी चाचांना पाहून उठून बसल्या आणि पदर सारखा केला. त्यांचा नवरा मारोती, चार शब्द बोलणारा माणूस, तो म्हणाला की मागच्या वर्षीच डॉक्टरनं पिशवी काढा म्हटलं होतं. ‘तुमाले इचारलं व्हतं आमी. तुमी म्हनले, नऊ एमेमचा तं हाय, निघून जाईन.’ त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. चाचा बाजेसमोर जमिनीवरच बसले.

म्हणाले, ‘शोभा, मले काही समजत नव्हतं. तू आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चाल.’

त्या हसल्या. ‘तुमी मोठे मानसं, चाचा, तुमाले दवाखाना लागते. मले तुमच्या पानानंच आराम पडते.’

त्यांना पटवायला तासभर लागला. आपलं औषध खोटं आहे हे चाचा पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि त्या प्रत्येक वेळी त्यांची समजूत काढत होत्या. शेवटी मी जीप आणली आणि यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेलं. खडा पित्ताच्या नळीत अडकून आत पू झाला होता. इथंही तोंडातूनच दुर्बीण घालून आधी नळी मोकळी करायची, मग ताप उतरला की लहान छिद्रांतून पिशवी काढायची, असं ठरलं. उशीर झालाय, सांगता येत नाही, हेही डॉक्टरांनी मारोतीला सांगून ठेवलं. ते चाचांनी ऐकलं.

स्ट्रेचर आत जाताना शोभाबाईंनी ते थांबवायला लावलं. चाचांकडे पाहून म्हणाल्या, एक पान द्या, मग मी जाते. नर्स म्हणाली, काहीही खायचं नाही. चाचांनी मान हलवली.

‘त्या पानात काहीच नाही, शोभा.’

‘नसू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या हातचं हाय ना. पान नाही तं नुसता डोक्यावर हात ठेवा.’

आणि त्यांनी डोकं पुढे केलं. माझ्या मनात आलं, ठेवा हो हात, काय बिघडतं, बाई धीर धरेल. मारोतीही तेच डोळ्यांनी सांगत होता. चाचांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं, तरी हात मागेच होते.

शोभाबाई वाचल्या. वीसेक दिवसांनी घरी गेल्या. आणि मग व्हायचं तेच झालं. पोटाला ताकद येताच त्या एका रविवारी आल्या, पायली-दोन पायली जवारी घेऊन, आणि बरोबर त्यांच्या गावच्या चार बाया, चौघींच्या हातांत रिपोर्ट. शोभाबाई माझ्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होत्या, चाचा स्वतः घरी आले, चाचा दवाखान्याच्या दारात उभे राहिले, म्हणून मी जिवंत आहे. डॉक्टरांचं नाव त्यांना आठवतही नव्हतं. चाचांनी आतून शटर अर्धं ओढून घेतलं. खालून त्यांचे पाय दिसत होते. लोक त्या पायांनाच हात जोडत होते, आणि ते पाय हळूहळू मागे मागे सरकत अंधारात गेले.

त्या महिन्यात त्यांनी दुकान भाच्याला दिलं आणि पुसदला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. तब्येतीचं कारण सांगितलं. मी फार आग्रह केला नाही. इथं राहिले असते तर दर रविवारी त्यांना तोंड लपवावं लागलं असतं. पुढच्या वर्षी ते तिकडेच गेले, झोपेत, हृदयानं. मातीला मी गेलो होतो, पण तोवर चेहरा झाकलेला होता. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते उमरखेडच्या स्टँडवर, पुसदला निघाले तेव्हा.

चाची आधीच मुलीकडे पोचल्या होत्या. मी चाचांची पेटी घेऊन गाडीत चढलो. गर्दी होती, जागा नव्हती. तेवढ्यात एक बाई मांडीवरचं पोर सावरत उठली आणि म्हणाली, बसा चाचा. मग निरखून पाहत विचारलं, ‘तुमी पथरीवाले चाचा ना? आमच्या नणदेले आनाचं हाय तुमच्याकडं. लय ओकून राह्यली.’

चाचांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मी पेटी वर ठेवता ठेवता थांबलो.

‘ते वारले, माय,’ चाचा म्हणाले.

बाईनं हातातल्या पोराला छातीशी धरलं. चुकचुकली. फार चांगला माणूस होता म्हणे, असं काहीतरी म्हणाली. मग म्हणाली, ‘आता कुठं न्यावं तिले?’

‘दवाखान्यात ने. आजच ने.’

तिनं मान हलवली. कंडक्टरनं घंटी मारली, मी खाली उतरलो. चाचा तिच्या जागेवर बसले नाहीत. दांडीला धरून, तिच्याकडे पाठ करून उभेच राहिले, आणि गाडी निघाली.